आधी तुमचं, मग माझं

ही गोष्ट रात्रीची नाही.

हे आधीच सांगते. भुताचं म्हटलं की लोकांना अमावस्या लागते, पिंपळ लागतो. इथं तसलं काही नाही. चैत्रातलं लख्ख ऊन होतं. बायकापोरांनी भरलेला आगगाडीचा डबा होता. आणि जे झालं ते चारचौघांच्या डोळ्यांदेखत झालं.

ज्यांना पटणार नाही त्यांनी पटवून घेऊ नये. गोष्ट खोटी असती तर मलाही बरं वाटलं असतं... पण ती राहीबाईच्या अंगावरून गेलेली आहे. राहीबाई म्हणजे माझ्या आईची आई. आणि त्या दिवशी माझी आई तिच्या पोटात होती.

साल त्रेचाळीस. कुंडलजवळचं एक मळ्यांचं गाव. जिथं हे घडलं त्या छोट्या स्टेशनाचं नाव मात्र मी घेत नाही. राहीबाईनंही जन्मभर कधी घेतलं नाही.

राहीबाई ही नाथाजीची दुसरी बायको.

पहिली मनुबाई. ती तापानं गेली तेव्हा नाथाजी पलटणीत होता, दूर उत्तरेला. मनुबाईला जिवंतपणी एकच हौस होती. आगीनगाडीत बसायची. मळ्याच्या बांधावर उभं राहिलं की गाडीचा धूर दिसायचा. नाथाजी दर सुट्टीला म्हणायचा, "पुढच्या बारीला तुला संगं न्हेतो." आणि दर बारीला एकटाच जायचा. मग मनुबाई जात्यावर बसून ओवी म्हणायची. तिची तिनंच जुळवलेली.

आगीनगाडी गं बाई, धूर जातो दूर दूर
ने गं मला त्याच्या संगं, डोळां आला माज्या पूर

गेली तेव्हा सवाष्ण गेली. हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. शेजारणी म्हणाल्या, सोनं झालं बाईचं.

वर्षानं राहीबाई लग्न होऊन त्या घरात आली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं सासूनं, धोंडुबाईनं, तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक टाक बांधला. बोटाच्या पेराएवढा पत्रा. त्यावर ठोकून उठवलेली बाईची आकृती. नाक नाही, तोंड नाही... नुसते डोळ्यांचे दोन ठिपके.

ती मनुबाई.

"ही तुजी थोरली," धोंडुबाईनं सांगितलं. "तिला आक्का म्हणायचं. पयला घास तिला. नवं लुगडं म्हण, बांगडी म्हण, हातात जे काय नवं येईल ते आधी टाकाला लावायचं. 'आधी तुमचं, मग माझं' म्हणायचं. मगच आपून घ्यायचं. आणि शीव आली, ओढा आला, नवी वाट लागली की हाक मारायची. न्हाईतर ती मागं ऱ्हाती. मागं ऱ्हायली की रुसती. आणि रुसली की..."

धोंडुबाईनं नव्या सुनेच्या पोटाकडं तेवढं बघितलं.

राहीबाईनं सगळं पाळलं. भीतीनं पाळलं, आणि मायेनंही पाळलं. दुपारच्या रिकाम्या घरात ती टाकाशी बोलायची. "आक्का, आज आमटीत मीठ जादा झालं बगा." जिच्या ताटातला घास आपल्या ताटात आला, तिला दोन शब्द गोड बोलावेत, एवढंच तिच्या मनात.

दिवाळीत नाथाजी सुट्टीवर आला आणि गेला. चैत्र उजाडला तेव्हा राहीबाईला पाचवा महिना होता.

नाथाजीला हे ठाऊक नव्हतं. पत्र लिहायचं तर शाळेच्या गुरुजींकडून. आणि असली गोष्ट परक्या पुरुषापुढं कुठल्या तोंडानं सांगायची?

अशात बेळगावला पाहुण्यांकडं गेलेला शेजारचा धुळा, आता तिथंच आलेल्या पलटणीतनं नाथाजीचा निरोप घेऊन आला.

"राहीवयनी, नाथाची पलटण परवा निघतीया. सातासमुद्रापल्याड. मिरजंला गाडी पाणी घ्यायला थांबंल, तेवढ्यात येऊन भेट म्हणलाय."

"आपल्या टेशनात न्हाई व्हय थांबायची?"

"पलटणीची गाडी ती! आपल्या टेशनात कुत्रं बी थांबत न्हाई, वयनी."

राहीबाईच्या डोक्यात तेव्हापासून एकच वाक्य फिरायला लागलं. 'आवं, तुमी बाप हुणार.' एवढंच त्याच्या कानात सांगायचं. मग तो लढाईवर जाईना का. ते ऐकलेला माणूस परत येतो, असं तिला वाटत होतं. घरात कुणीतरी वाट बघतंय हे कळलं की माणूस जीव सांभाळून राहतो.

धोंडुबाई तापानं अंथरुणावर होती. म्हणून ठरलं असं, की धुळा बैलगाडीनं स्टेशनावर सोडणार आणि मिरजेला राहीबाईचा मावसभाऊ गुंडा स्टेशनाच्या दाराशी थांबणार. मधला प्रवास तेवढा राहीबाईनं एकटीनं करायचा. जन्मात पहिल्यांदा.

"टाक देव्हाऱ्यात ठिवून जा गं," धोंडुबाई पडल्या पडल्या म्हणाली.

"आणि ह्या पोटानं, उघड्या गळ्यानं शीव वलांडू? नको आत्याबाई. भ्या वाटतं."

धोंडुबाईनं कूस बदलली. भीती तिलाही वाटत होती. पण ती वेगळी होती.

शिवेवर राहीबाईनं हाक मारली. "चला आक्का." ओढ्यावर पुन्हा मारली. धुळा हसायला लागला. "वयनी, गाडीत माणसं दोन, आणि बैलं वढत्यात तिघांचं. दमतील की मुकी जनावरं!"

स्टेशनावर पोलीस होते. बेचाळीसच्या चळवळीत तारा तुटल्या होत्या, रूळ उखडले होते. तेव्हापासून गाडीत तपासणी कडक होती. खिडकीतून तिकीट आलं. पुठ्ठ्याचं, एवढंसं. मिरजेचं.

"पदराला गाठ मारून ठिवा," धुळानं बजावलं. "ह्याच्याबिगर गाडीत उभं करत न्हाईत."

राहीबाईनं तिकीट हातात घेतलं.

नवी वस्तू.

सवयीनं तिचा हात गळ्याशी गेला. तिकीट टाकाला लागलं.

"आधी तुमचं... मग माझं."

मग तिनं पदराला गाठ मारली. दोन वेढ्यांची, घट्ट. गाडी आली. दांडीला धरून बायकांच्या डब्यात चढताना ती हळूच म्हणाली, "चला आक्का. तुमची बी हौस फिटू द्या."

हे ती मायेनं म्हणाली. पुढचं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा.

डबा भरला होता. तरी एका बाकावर खिडकीपाशी थोडी जागा दिसली. राहीबाई आत सरकायला गेली, पण का कोण जाणे, खिडकीशी न बसता अलीकडंच टेकली. खिडकीजवळची जागा मोकळी राहिली.

समोर एक पोक्त बाई होत्या. गुणमालाकाकू. सांगलीच्या एका जैन व्यापाऱ्याच्या घरच्या. स्वभावानं बोलक्या. राहीबाईचं पोट बघून त्यांनी लगेच चौकशी सुरू केली. कितवा महिना, माहेर कुठलं, गाठोड्यात काय.

"भाकरी-झुणका हाय काकू. मालकासाठी."

"कांदा असंल मग. मला चालायचा न्हाई गं बाई, न्हाईतर मागून घेतला असता." काकू हसल्या. मग खिडकीकडं मान करून म्हणाल्या, "आणि ही बोलत न्हाई व्हय गं? मुकी हाय का?"

राहीबाईला कळलं नाही. काकू खिडकीबाहेरच्या कुणाला तरी म्हणत असतील, असं तिला वाटलं.

पुढच्या स्टेशनात बायका चढल्या. एक भाजी-माळवं विकणारी म्हातारी टोपली घेऊन दाटीत उभी राहिली.

राहीबाईनं बाजूची फळी थोपटली. "हितं बसा की मावशी. मोकळी हाय जागा."

म्हातारीनं आधी फळीकडं बघितलं. मग राहीबाईकडं.

"कुणाच्या मांडीवर बसू?"

डब्यातल्या दोघी-तिघी फिसकन हसल्या. आणि म्हातारी उभीच राहिली. एवढ्या गर्दीत त्या जागेवर कुणी बसलं नाही... कुणीच नाही.

राहीबाईनं शेजारी बघितलं. नुसती फळी. फळीवर ऊन.

पण त्या बाजूचा तिचा दंड गार पडला होता. पाण्यानं भरलेल्या रांजणाला टेकून बसावं तसा.

आणि मग चाकांच्या ठेक्यात तिला काहीतरी ऐकू यायला लागलं. कुणीतरी ओठ मिटून गुणगुणत होतं... धूर जातो... दूर दूर... धूर जातो... दूर दूर...

ही ओवी राहीबाईनं कधी गायली नव्हती. धोंडुबाईकडून फक्त ऐकली होती.

तिनं टाक मुठीत धरला. "आक्का," ती पुटपुटली, "गप बसा ना. भ्या वाटतंय मला."

गुणगुणणं थांबलं.

थांबलं, तेव्हा तिला जास्त भीती वाटली.

पुढचं स्टेशन आलं, तेच ते छोटं. पांढऱ्या डगल्याचा तपासनीस डब्यात चढला. एकेकीचं तिकीट बघत तो या बाकापाशी आला. राहीबाई पदराची गाठ सोडायला लागली. तोवर त्याचा हात तिच्यापुढून खिडकीकडं गेला.

चिमट्याचा आवाज झाला... कट्.

"हं, तुमचं झालं," तो खिडकीकडं बघून म्हणाला. मग राहीबाईकडं वळला. "तुझं?"

गाठ जशीच्या तशी होती. दोन वेढ्यांची. बोटांनी सुटेना, दातांनी सोडवावी लागली.

आत तिकीट नव्हतं.

चिमूटभर कुंकू होतं. कोरडं.

"मास्तर, आत्ता तुमी भोक पाडलं की! ते माजंच तिकीट हाय!"

"ते या बाईंचं. त्यांनी माझ्या हातात दिलं, मी त्यांच्या हातात परत दिलं."

"कुठल्या बाईंचं?"

"ही काय, शेजारी बसलीय." तपासनीस वैतागला. "हिरव्या लुगड्याची. डोळे आहेत ना तुला?"

राहीबाई गर्रकन वळली. तिनं शेजारी बघितलं. फळी. ऊन.

"हितं कोण न्हाई वो! मी एकलीच हाय! आईच्यान सांगतो, एकलीच आलोय मी!"

डब्यातल्या बायका तिच्याकडं बघत होत्या, वेड्या माणसाकडं बघावं तशा. आणि मधूनच खिडकीकडं. तिथल्या कुणाचं तरी त्यांना वाईट वाटत होतं.

तपासनीसानं तिला खाली उतरवलं. फलाटावर स्टेशनमास्तर आला. तो म्हातारा, शांत आवाजाचा. भाडं आणि वर दंड, असं त्यानं सांगितलं. तेवढे पैसे राहीबाईकडं नव्हते. ती खाली वाकून पायातली जोडवी काढायला लागली.

"अगं ए बाई, हे काय सराफाचं दुकान आहे का? घाल ती पायात. सवाष्ण ना तू?"

"मास्तर, माजं तिकीट हुतं. धुळानं काढलेलं. सगळ्यास्नी विचारा! त्या काकूस्नी विचारा!"

गुणमालाकाकू खिडकीतून बाहेर वाकल्या होत्या. राहीबाई त्यांच्याकडं धावली. "काकू, सांगा की वो! सांगा की, मी एकली हुतो!"

काकूंचा चेहरा पडला. त्यांना पोरीची दया आली होती, ते दिसत होतं.

"बाई गं," त्या हळू म्हणाल्या, "मला खोटं बोलवत न्हाई. दोघी चढलासा तुमी. ती आधी... मग तू. मला वाटलं, थोरली भन असंल तुजी."

गार्डाची शिट्टी झाली.

"मला जाऊ द्या वो!" राहीबाई आता रडत होती. "मालकाला एक गोष्ट सांगायची हाय. एकच. ती सांगितली की मला खुशाल तुरुंगात घाला. माज्या पोटात..."

पुढचं परक्या पुरुषांपुढं तिला बोलता आलं नाही. तिथंही नाही.

तपासनीसानं डब्याचं दार लावलं. गाडी हलली.

तेव्हा राहीबाईनं बघितलं... काकूंनी पिशवीतून एक केळं काढलं. त्या मोकळ्या जागेकडं पुढं केलं. "घे गं, तू तरी खा," असं काहीतरी त्या म्हणाल्या.

हात मागं आला तेव्हा हातात केळं नव्हतं.

राहीबाईचा हात गळ्याशी गेला.

काळा दोरा होता. दोऱ्यातली कडी होती, कुठं न तुटलेली.

टाक नव्हता.

स्टेशनमास्तरनं तिला बाकावर बसवलं. हवालदाराला पाणी द्यायला सांगितलं. संध्याकाळी उलटी गाडी येईल, तिनं घरी पाठवतो म्हणाला. दंडाची पावती त्यानं लिहून टेबलावर ठेवली होती. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्यापुढं तपासनीसाचा शब्द होता, एका सज्जन बाईची साक्ष होती, आणि दुसऱ्या बाजूला रिकामी गाठ.

राहीबाई दिवसभर सांगत राहिली. आधी ओरडून, मग हात जोडून, मग नुसतं स्वतःशी. तिकीट माजं हुतं. माजं हुतं तिकीट.

उन्हं कलली. रूळ थरथरायला लागले.

"बाजूला हो बाई," हिरवी झेंडी घेऊन स्टेशनमास्तर पुढं आला. "मिरजेकडनं येतीय. पलटणीची खास गाडी. थांबायची नाही इथं."

राहीबाई उठली.

गाडी आली. खिडक्याखिडक्यांत खाकी माणसं. हसणारी, गाणारी, कोपरं बाहेर काढलेली. नाथाजी कुठल्या खिडकीत, कुठल्या डब्यात... काही कळायला वाव नव्हता. राहीबाई फलाटाच्या टोकाकडं गाडीबरोबर धावायला लागली. पोट धरून धावली.

"आवंऽऽ! मी हितं हाय! आवं, मी हितं हायऽऽ!"

जे वाक्य कानात सांगायचं होतं, ते तिनं त्या लोखंडाच्या आवाजात जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. दोन शिपायांनी तिला हात हलवून दाखवला.

शेवटून दुसऱ्या डब्याच्या खिडकीतून एक पदर बाहेर आला होता. वाऱ्यावर उडत होता.

हिरवा.

तेवढंच काय ते राहीबाईला दिसलं. तेवढंच एकदा.

गाडी गेली. धूर राहिला.

स्टेशनमास्तर झेंडी गुंडाळायची विसरून उभा होता. "पलटणीच्या गाडीत... बाई?" तो म्हणाला. मग राहीबाईकडं बघत राहिला. आत गेला, टेबलावरची पावती उचलली, फाडली.

"घरी जा मुली. दंड नको. काही नको... घरी जा."

धोंडुबाईला तिनं सगळं सांगितलं. म्हातारी ताप विसरून उठून बसली.

"तिकीट टाकाला लावलंस?"

"व्हय. नवी वस्तू म्हणून..."

धोंडुबाईनं डोळे मिटले. "दोन काढायची हुतीस गं. माज्या मनात पाल चुकचुकली हुती, पर मला बी एवढं सुचलं न्हाई. एकच काढलंस, ते बी आधी तिला दिलंस." तिनं अंगावरची वाकळ बाजूला सारली. "जाऊ दे. सोनाराकडनं नवा टाक करू."

"नको आत्याबाई. ती आता टाकात न्हाई."

गुंडा मिरजेहून आला. तो दारातच थांबला होता, गाडीतलं शेवटचं माणूस बाहेर पडेपर्यंत. धोंडुबाईनं खोदून विचारलं तेव्हा, हिरव्या लुगड्याची बाई बाहेर आलीच नाही, म्हणाला.

मग लाज सोडून धोंडुबाईनं गुरुजींकडून पत्र लिहून घेतलं. तुला मूल होणार आहे, जीव सांभाळ. उत्तर आलं नाही. श्रावणात माझी आई जन्मली, शालू. पुन्हा पत्र गेलं. उत्तर नाही. आणि पुढच्या वर्षी सरकारी तार आली.

लढाई संपल्यावर शिराळ्याकडचा एक शिपाई घर विचारत आला. आकाराम. नाथाजीच्या तुकडीतला. त्याचं सामान द्यायला आला होता. ओट्यावर बसला, पाणी प्याला. राहीबाई शालूला कडेवर घेऊन दाराशी उभी राहिली.

"नाथाजीच्या घरची मंडळी कुठं हाईत?" त्यानं विचारलं.

"मीच."

आकारामनं मान वर केली. तिला नीट न्याहाळलं.

"न्हाई," तो म्हणाला. "तुमी न्हवं. मिरजंला आलेली ती... दुसरी."

धोंडुबाईनं आतून विचारलं, "काय काय झालं ते सांग बाबा. समदं सांग."

त्यानं सांगितलं. मिरजेला गाडी उभी होती. फलाटावर हिरव्या लुगड्याची एक बाई हातात तिकीट धरून उभी होती, अडाणी माणूस धरतं तसं, दोन्ही हातांनी. नाथाजीनं तिला बघितलं आणि तो पांढराफटक पडला. मग हसला. एवढा हसलेला त्याला कुणी बघितला नव्हता.

"म्हणला, 'आलीस व्हय गं मनू? एकदाची आलीस!' ती एवढंच बोलली, 'आता तरी न्ह्या.' त्यानं हात दिला आणि वर घेतली की वो तिला! आमचा हवालदार म्हणला, आरं नाथा, पलटणीच्या गाडीत बाई? म्होरं गाडी थांबंल तिथं उतरव. थांबली कऱ्हाडात. तवा जागा मोकळी हुती. कवा उतरली कुणी बघितलं न्हाई. नाथा मात्र त्या जागंवर कुणाला बसू दीना."

"आणि आमची पत्रं?" राहीबाईनं विचारलं. "पत्रं मिळाली न्हाईत त्यास्नी?"

आकारामनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग खाली बघून बोलला.

"मिळाली वयनी. मीच वाचून दावली. त्यो म्हणला, 'कागूद दुसऱ्या कुणाचा तरी आलाय. माजी बायकू तर हितं संगं हाय. घरी माजी वाट बघणारं कोण हाय?'"

राहीबाईच्या कडेवरची शालू आकारामच्या टोपीकडं हात करत होती.

"शेवटाला बी तसंच," आकाराम म्हणाला. "भर उन्हात खंदकातनं उठला. 'हाक मारतीया' म्हणला. आमी वढलं, पर ऐकला न्हाई. चालत गेला समोर."

राहीबाई पुढं खूप वर्षं जगली. मी तिला पाहिलंय. तिच्या काही गोष्टी आम्हा पोरांना चमत्कारिक वाटायच्या. एसटीत बसली की ती दोन तिकिटं काढायची. "आजी, दुसरं कुणाचं?" कंडक्टर चेष्टा करायचा. "हाय एक," म्हणायची आणि खिडकीजवळची जागा सोडून बसायची. गळ्यातला तो काळा दोरा, रिकाम्या कडीसकट, तिनं विधवा झाल्यावरही काढला नाही. आणि पदराला गाठ मारून कधी काही ठेवलं नाही. चिल्लरसुद्धा नाही. 

म्हणून ती गेली तेव्हा जे झालं, ते मला सांगितलंच पाहिजे.

दुपारी गेली. झोपेत, शांतपणे. बायका तिला न्हाऊ घालायला आल्या. माझी आई पदर सोडवायला लागली आणि थांबली.

पदराला गाठ होती.

दोन वेढ्यांची... घट्ट.

आईनं ती दातांनी सोडवली. आत पुठ्ठ्याचं एक तिकीट होतं. एवढंसं. मिरजेचं. चिमट्याचं एकच भोक पडलेलं. जरासुद्धा पिवळं पडलं नव्हतं. मिरज स्टेशनाच्या दारात प्रत्येकाचं तिकीट काढून घेतात. हे कुणी घेतलंच नव्हतं.

आईनं ते राहीबाईच्या मुठीत ठेवलं. कुणाला काही विचारलं नाही. ते तिच्याबरोबरच गेलं.

आधी थोरलीचं झालं होतं. मग हिचं झालं. इतकं मी समजू शकते.

पण एक गोष्ट मला अजून झोपू देत नाही. तिकीट परत आलं, म्हणजे ते घेऊन कुणीतरी घरात आलं होतं. तिकीट एकच होतं. ते राहीबाईबरोबर गेलं.

मग जी द्यायला आली... ती कशी परत गेली?

आई हल्ली जेवायला बसली की पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवते. मी तिला अजून विचारलेलं नाही.